मुलांचा छळ आणि आपला शेजारधर्म

आपल्या घराच्या भिंतीपलीकडे एखादें मूल रडत असतें. मुलें रडावयाचींच, असें म्हणून आपण पुन्हां वर्तमानपत्रांत डोकें घालतों. परंतु रोज त्याच वेळीं तें रडणें सुरू व्हावें आणि कोणीं तोंडावर हात ठेवावा तसें एकदम थांबावें, असें चार दिवस घडलें म्हणजे मन अस्वस्थ होतें. पांचव्या दिवशीं जिन्यांत तें मूल भेटतें. त्याच्या कानामागें काळानिळा वळ असतो. "काय रे, काय झालें?" असें आपण विचारतों. "पडलों," असें तें सांगतें. पण सांगतांना आपल्याकडे न पाहतां बरोबरच्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडे पाहतें. आपण जिना उतरूं लागतों. मनांत एक शंका येते, आणि तिच्या पाठोपाठ दुसरा विचार येतो : 'आपल्याला काय करावयाचें आहे? दुसऱ्याच्या घरांतली गोष्ट!'

श्रोतेहो, हा दुसरा विचार जेथें पहिल्या शंकेवर मात करतो, तेथें त्या मुलाचा एक आधार तुटतो. मुलाचा छळ किंवा हेळसांड होत आहे अशी शंका कोणत्या खुणांवरून घ्यावी, आणि ती आल्यावर कोणाच्या कानावर घालावी, एवढ्याच दोन प्रश्नांचा विचार आज मला आपणांपुढें मांडावयाचा आहे. त्या सर्वांच्या मुळाशीं एक गोष्ट आहे, ती आरंभींच सांगून टाकतों. शंका आलेल्या माणसानें न्यायाधीश व्हावयाचें नसतें. पुरावा गोळा करणें, दोषी कोण हें ठरविणें, हीं कामें दुसऱ्यांचीं आहेत. आपलें काम कळविण्याचें आहे, आणि त्याला प्रामाणिक शंका पुरेशी आहे.

हा छळ न दिसण्याचा दोष केवळ शेजाऱ्यापाजाऱ्यांचाच आहे असें नाहीं. प्रत्यक्ष डॉक्टरांनाही तो पुष्कळ वर्षें दिसला नाहीं. १९४६ सालीं अमेरिकेंतील जॉन कॅफी या क्ष-किरणतज्ज्ञानें सहा तान्ह्या मुलांविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. या मुलांच्या मेंदूच्या आवरणाखालीं रक्त सांचलें होतें, आणि क्ष-किरणांच्या छायाचित्रांत त्यांच्या हातापायांचीं हाडें अनेक ठिकाणीं मोडलेलीं दिसत होतीं. कांहीं मोड जुने, कांहीं नवे. आईबापांस विचारावें तर मूल पडलें, आपटलें, असें कांहींच घडल्याचें त्यांच्या सांगण्यांत येईना. कोणी तरी इजा केली असावी असा तर्क पुढें होता. पण स्वतःच्या लेकराचीं हाडें माणूस मोडील, हें मानावयास मन तयार होत नव्हतें. पुढें १९६२ सालीं डेन्व्हर येथील बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प व त्यांचे सहकारी यांनीं ७१ रुग्णालयांकडून माहिती मागवून ३०२ मुलांची हकीकत एकत्र केली. त्यांपैकीं ३३ मुलें दगावलीं होतीं, आणि ८५ मुलांच्या मेंदूस कायमची इजा झाली होती. त्यांनीं या स्थितीला 'मार खाल्लेल्या मुलाचें लक्षणसमूह' अशा अर्थाचें नांव दिलें. नांव मिळतांच डॉक्टरांचे डोळे उघडले, आणि पुढील कांहीं वर्षांतच अमेरिकेंतील सर्व राज्यांनीं अशी शंका कळविण्याचे कायदे केले. हाडें १९४६ सालीं मोडलेलीं होतीं तशींच १९६२ सालींही होतीं. फरक पडला तो पाहणाऱ्यांच्या मनांत. मन ज्याला कबूल होत नाहीं तें डोळ्यांपुढें असूनही दिसत नाहीं.

आपल्या देशाविषयीं बोलावयाचें तर २००७ सालीं केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र धरून १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशीं बोलून ती केलेली होती. दर तीन मुलांपैकीं दोघांनीं शारीरिक मारहाण सोसल्याचें सांगितलें. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनीं कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचें सांगितलें, आणि अशा मुलांत निम्म्याहून किंचित् अधिक मुलगे होते. 'आपल्याला मुलगाच आहे, काळजी नाहीं' असें समजणाऱ्या आईबापांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा. त्रास देणाऱ्यांपैकीं सुमारें निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, किंबहुना विश्वासाचे होते. आणि बहुतेक मुलांनीं ही गोष्ट कोणाजवळही बोलून दाखविली नव्हती. मिठाई दाखवून मुलास पळविणाऱ्या अनोळखी माणसाची भीति आपण मुलांना घालतों. परंतु ज्याच्या मांडीवर बसावयास आपणच सांगतों, त्याच्याविषयीं मुलानें काय बोलावें व कोणास बोलावें, हें आपण त्याला कधीं शिकवीत नाहीं.

आतां खुणांकडे वळूं. प्रथम अंगावरील इजा. धांवणाऱ्या-खेळणाऱ्या मुलाच्या अंगावर इजा व्हावयाच्याच. पण त्यांच्या जागा ठरलेल्या असतात : गुडघे, नडग्या, कोपरें, कपाळ, म्हणजे पडतांना जें हाड प्रथम जमिनीस लागतें तेथें. याउलट गाल, कान, मान, पाठ, पोट, दंडाची आंतली बाजू, मांड्या व कुल्ले या मांसल किंवा झांकलेल्या जागांवरील वळ सहसा पडण्यानें उठत नाहींत. ज्या वळाला वस्तूचा आकार आहे, म्हणजे पट्ट्याचा, छडीचा, दुमडलेल्या वायरीचा किंवा बोटांचा, तो तर स्वतःच बोलतो. जें मूल अद्याप रांगतही नाहीं त्याला स्वतःहून आपटावयास वाव कोठला? म्हणून चार महिन्यांच्या आंतील तान्ह्याच्या अंगावर कोठेंही असा डाग दिसला तर तें मूल डॉक्टरांस दाखविलेंच पाहिजे. भाजण्याचेंही असेंच आहे. अंगावर चहा सांडला तर ओघळ व शिंतोडे उठतात. दोन्ही पाय घोट्यापर्यंत सारखे, मोजा घातल्यासारखे भाजले असतील तर ते कोणी तरी कढत पाण्यांत धरलेले असण्याचा संभव असतो. विडी-सिगारेटच्या टोंकाएवढे वाटोळे चटके, तापलेल्या उलथन्याचा डाग, यांचा अर्थ निराळा सांगावयास नको. पोटफुगीवर उपाय म्हणून तान्ह्याच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे डाग देण्याचे प्रकार मेळघाटांत अगदीं अलीकडेही उघडकीस आले आहेत. ते अज्ञानानें होतात, द्वेषानें नव्हे. परंतु मुलाच्या जिवाला असणारा धोका तेवढ्यानें कमी होत नाहीं.

इजेइतकीच तिच्याविषयीं सांगितलेली हकीकत महत्त्वाची असते. आई एक सांगते, बाप दुसरेंच सांगतो. काल सांगितलेलें आज बदलतें. सहा महिन्यांचें मूल 'स्वतःच पलंगावर चढून पडलें' असें सांगण्यांत येतें. किंवा हात मोडल्यावर डॉक्टरकडे नेण्यास दोन दिवस लागतात. अशा वेळीं शंका घेण्यास आधार आहे असें समजावें.

मात्र येथेंच एक सावधगिरीची सूचना देणें जरूर आहे. आपल्याकडील पुष्कळ मुलांच्या कमरेवर व कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर डाग असतात. ते माराचे नव्हेत, आणि वय वाढतें तसे बहुधा नाहींसे होतात. रक्त लवकर न गोठण्याचा विकार असलेल्या मुलास थोड्या धक्क्यानेंही डाग पडतात. हाडें ठिसूळ असण्याचाही एक जन्मजात रोग आहे. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हें निश्चितपणें सांगतां येत नाहीं. हे भेद ओळखणें डॉक्टरांचें काम आहे, आणि म्हणूनच वेळेवर कळविणें निर्दोष आईबापांच्याही हिताचें असतें. कोणतीही एकटी खूण कांहीं सिद्ध करीत नाहीं. एक खूण दिसली तर लक्ष ठेवावें. दोन-चार एकत्र आल्या तर बोलावें. आणि जीव धोक्यांत दिसला तर मोजीत बसूं नये.

दुसरा प्रकार हेळसांडीचा. त्यांत वळ उठत नाहीं, आवाज होत नाहीं, म्हणून तो अधिक फसवा. मूल नेहमींच भुकेलें दिसतें, दुसऱ्याच्या डब्यावर त्याची नजर असते. आजार अंगावर काढला जातो. लहान मूल तासचे तास एकटें कोंडलेलें असतें. आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर सदैव धाकटें भावंड असतें व तिची शाळा सुटलेली असते. येथें एक विवेक मात्र केलाच पाहिजे. दारिद्र्य आणि हेळसांड या दोन गोष्टी एक नव्हेत. मजुरीस जाणारी माता मुलाला फाटक्या सदऱ्यांत पाठविते, तिला जाब विचारावयाचा नसून मदत करावयाची असते. उलट, वातानुकूलित घरांत, खेळण्यांच्या ढिगांत बसलेल्या मुलाचीही हेळसांड होऊं शकते. त्याला दमा असून औषध दिलें जात नसेल, किंवा घरांतील मद्यपानाच्या मैफलींत तें रात्र रात्र बेवारशासारखें फिरत असेल, तर घरांतील सुबत्तेनें त्याचें रक्षण होत नाहीं. जें देणें शक्य आहे तें मुलास जाणूनबुजून दिलें जात नाहीं काय, हा खरा प्रश्न.

तिसरा छळ शब्दांचा. 'तूं जन्मलास तेच वाईट झालें', 'तुझ्यामुळें घराचें वाटोळें झालें', असें रोज ऐकणारें मूल एक तर अत्यंत दबकें होतें, नाहीं तर दुसऱ्या मुलांवर व मुक्या जनावरांवर हात टाकूं लागतें. त्याला आपण 'द्वाड' म्हणतों आणि मोकळे होतों.

चौथा प्रकार लैंगिक छळाचा. येथें अंगावर खूण सांपडेलच असें नाहीं. बहुधा सांपडत नाहीं. जें दिसतें तें वागण्यांतील बदलांत. हंसतें-खेळतें मूल एकाएकीं गप्प होतें. कित्येक वर्षांपूर्वीं थांबलेलें अंथरूण ओलें करणें पुन्हां सुरू होतें. विशिष्ट माणूस घरीं यावयाचा म्हटलें कीं पोटांत दुखूं लागतें. एखाद्या शिकवणीला, गाडीला किंवा खोलीला तें हट्टानें नको म्हणतें. वयास न शोभणारें शरीरसंबंधाचें ज्ञान त्याच्या बोलण्यांत अगर खेळांत दिसतें. बसतांना किंवा लघवीच्या वेळीं दुखतें. कोणी तरी दिलेल्या वस्तू व 'कोणाला सांगूं नकोस' अशीं गुपितें त्याच्याजवळ आढळतात. आतां हा त्रास मोबाइलच्या मार्गानेंही घरांत शिरतो. मूल तो हातांत घेऊन घाबरेंघुबरें होत असेल तर रागावण्यापूर्वीं विचारावें.

आणि एखादे दिवशीं मूल स्वतःच बोलतें. तो क्षण फार नाजूक असतो. मुलें बहुधा मोठ्या वाक्यानें आरंभ करीत नाहींत. 'मला त्या काकांकडे नाहीं जायचं,' एवढेंच म्हणतात आणि आपण काय करतों तें पाहतात. त्या वेळीं "भलतेंसलतें बोलूं नकोस!" हे शब्द आपल्या तोंडून निघाले तर तें दार पुढें कित्येक वर्षें बंद होतें. तेव्हां हातांतलें काम बाजूस ठेवावें, चेहरा शक्य तितका शांत ठेवावा आणि ऐकावें. "तूं सांगितलंस हें फार चांगलं केलंस. यांत तुझी कांहीं चूक नाहीं," एवढें म्हणावें. "मग त्यानें असें असें केलें ना?" अशीं उत्तर सुचविणारीं वाक्यें वापरूं नयेत, "पुढें काय झालं?" एवढेंच विचारावें. "मी कोणालाही सांगणार नाहीं" असें वचन देऊं नये, कारण तें पाळतां येणार नाहीं, आणि एकदां विश्वासघात झालेल्या मुलाचा दुसऱ्यांदा विश्वासघात होईल. त्याऐवजीं "ज्यांना सांगितल्यानें तुला मदत होईल त्यांनाच सांगेन," असें म्हणावें. मग मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख व वेळ घालून, कागदावर उतरून ठेवावे. मावशीपुढें, आजीपुढें, मुख्याध्यापिकेपुढें तीच हकीकत त्याच्याकडून पुन्हां पुन्हां वदवूं नये. ज्याच्यावर आरोप आहे त्याला जाऊन जाब विचारूं नये. त्यानें मुलावर दडपण येतें आणि पुरावा नाहींसा होतो. प्रकार नुकताच घडला असेल तर मुलाला आंघोळ घालण्याची किंवा कपडे धुण्याची घाई न करतां तसेंच तांतडीनें रुग्णालयांत न्यावें. कांहीं रोगांच्या प्रतिबंधाचीं औषधें ७२ तासांच्या आंत सुरू केलीं तरच उपयोगी पडतात. अशा मुलावर विनामूल्य उपचार करणें हें सरकारी व खाजगी अशा दोन्ही रुग्णालयांवर कायद्यानें बंधनकारक आहे.

आतां कळविण्याचा प्रश्न. लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला 'पॉक्सो' असें संक्षेपानें म्हणतात, तो त्या वर्षीं १४ नोव्हेंबरला, बालदिनींच, अंमलांत आला. १८ वर्षांखालील मुलगा व मुलगी या दोघांसही तो लागू आहे. त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणें असा अपराध घडल्याचें ज्याला ठाऊक आहे, किंवा तो घडेल अशी ज्याला धास्ती वाटते, अशा प्रत्येक माणसानें पोलिसांस कळविलें पाहिजे. 'प्रत्येक' या शब्दांत आईबाप, शिक्षक, डॉक्टर, शेजारी हे सर्व आले. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि संस्थेच्या प्रमुखानें आपल्या हाताखालील माणसाचा अपराध दडवून ठेवला तर एक वर्षापर्यंत कैद व दंड अशी शिक्षा २१ व्या कलमांत सांगितली आहे. हें नुसतें कागदावरचें कलम नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यांतील राजुरा येथील एका वसतिगृहांतील मुलींच्या प्रकरणांत, त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरनें माहिती असूनही कळविलें नाहीं असा आरोप होता. उच्च न्यायालयानें त्याच्यावरील खटला रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयानें २ नोव्हेंबर २०२२ रोजीं तो निर्णय फिरविला. अज्ञान मुलावरील असा अत्याचार माहीत असून न कळविणें हा स्वतःच एक गंभीर अपराध असून, अनेकदां तो अपराध्यास पाठीशीं घालण्याचाच प्रयत्न असतो, असें त्या न्यायालयानें म्हटलें आहे.

मारहाण आणि हेळसांड यांसाठीं २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. ज्याच्या ताब्यांत मूल आहे त्यानेंच त्याला मारहाण केली, टाकून दिलें किंवा जाणूनबुजून त्याची हेळसांड केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असें त्याचें ७५ वें कलम सांगतें. शाळेंत मुलांस शारीरिक शिक्षा देण्यास व मानसिक त्रास देण्यास शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानेंच मनाई केली आहे. 'छडी लागे छमछम' या जुन्या समजुतीला आतां कायद्याचा आधार उरलेला नाहीं.

कळवावें कोठें? सर्वांत सोपा मार्ग १०९८ हा दूरध्वनीचा क्रमांक. १९९६ सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमांतून मुंबईंत ही सेवा सुरू झाली आणि पुढें देशभर पसरली. २०२३ पासून ती शासनाच्या यंत्रणेकडे असून ११२ या तांतडीच्या क्रमांकाशीं जोडलेली आहे. दिवस असो वा रात्र, तेथें विनामूल्य बोलतां येतें; मूलही स्वतः बोलूं शकतें. जवळचें पोलीस ठाणें आहेच. शिवाय जिल्ह्याजिल्ह्यांत बाल कल्याण समिति असते. अध्यक्ष व चार सभासद मिळून ती होते, सभासदांत निदान एक स्त्री असते, आणि तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. सांगतांना मुलाचें नांव, अंदाजें वय, पत्ता, आपण काय पाहिलें, काय ऐकलें, कोणत्या दिवशीं, आणि मूल आतां सुरक्षित आहे कीं नाहीं, एवढें सांगावें. जें पाहिलें तें पाहिलें म्हणून आणि जें तर्कानें ताडलें तें तर्क म्हणून, असें वेगवेगळें सांगावें. प्रामाणिक शंकेला यापेक्षां मोठें संरक्षण नाहीं.

कळविल्यावर मुलाचे हाल होतील, पोलीस त्याला ठाण्यांत ओढतील, ही भीति सुशिक्षित घरांतही फार आहे. पॉक्सो कायद्यानें तिचा बंदोबस्त केलेला आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरीं किंवा त्याला आवडेल अशा ठिकाणीं, शक्यतों स्त्री अधिकाऱ्यानें, गणवेष न घालतां घ्यावयाचा असतो. जवळ आईबाप किंवा मुलाच्या विश्वासाचें माणूस असतें. कोणत्याही कारणानें मुलास रात्रीं पोलीस ठाण्यांत ठेवतां येत नाहीं. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरच करते. पोलिसांनीं २४ तासांच्या आंत बाल कल्याण समितीस व विशेष न्यायालयास कळवावयाचें असतें. खटला बंद दालनांत चालतो, साक्षीच्या वेळीं मूल आरोपीच्या नजरेस पडूं नये अशी व्यवस्था करावयाची असते, आणि त्याचें नांव, छायाचित्र किंवा शाळा वर्तमानपत्रांस छापतां येत नाहीं. प्रत्यक्षांत सर्वत्र असेंच घडतें असें मी म्हणणार नाहीं. विलंब होतात, उद्धटपणाही होतो. परंतु हे नियम आपणांस ठाऊक असले तर मुलाच्या बाजूनें उभें राहून ते पाळावयास लावतां येतात.

'आणि माझी शंका चुकीची ठरली तर?' हा प्रश्न सभ्य माणसाच्या मनांत प्रथम येतो, आणि तो यावाही. सद्भावनेनें माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कोणतीही जबाबदारी येत नाहीं, असें याच कायद्यांत स्पष्ट लिहिलें आहे. शिक्षा आहे ती द्वेषबुद्धीनें खोटी माहिती देणाऱ्यास. शिवाय कळविणें म्हणजे कोणास फांसावर चढविणें नव्हे. पुष्कळदां चौकशींतून असें निघतें कीं थकलेल्या, कर्जानें किंवा व्यसनानें गांजलेल्या, अथवा बाळंतपणानंतर मनानें आजारी झालेल्या आईबापांस उपचाराची व आधाराची गरज होती. मुलाला संस्थेंत ठेवणें हा अगदीं शेवटचा उपाय समजावा, असेंही बाल न्याय कायद्याचें तत्त्व आहे. तेव्हां आपला एक निरोप कित्येकदां घर मोडण्याऐवजीं सांवरण्यास कारण होतो.

दुसरी हरकत अब्रूची. 'मुलीचें पुढें कसें होईल? घराण्याचें नांव जाईल!' श्रोतेहो, विचार करा, या वाक्यांत कोणाचें रक्षण होत आहे? मूल गप्प बसलें म्हणजे अब्रू राहते ती अपराध करणाऱ्याची. तो लग्नकार्यांत मानानें मिरवतो, पंगतीला बसतो. आणि ज्या मुलानें सोसलें तें त्याला वांकून नमस्कार करतें. याला घराण्याची अब्रू म्हणावयाचें असेल तर ती मुलाच्या जिवावर राखलेली अब्रू आहे, हें निदान आपण स्वतःशीं तरी कबूल करावें.

शेवटीं एक गोष्ट आपल्याच घराच्या उंबरठ्याच्या आंतली. पुष्कळ सुखवस्तु घरांत गांवाकडून आणलेली एखादी दहा-बारा वर्षांची मुलगी 'घरच्यासारखी' म्हणून राहते. ती बाळाला सांभाळते, भांडीं घासते, सर्वांच्या नंतर जेवते आणि स्वयंपाकघरांत निजते. १४ वर्षांखालील मुलास घरकामास ठेवण्यास ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनें ती सर्वच धंद्यांस लागू झाली आहे. शेजारच्या मुलाच्या कानामागचा वळ ज्याला दिसतो त्याला आपल्या मोरीवर वांकलेली ही पाठ दिसूं नये, असें होतां कामा नये. तिच्याविषयींही कळवावयाचा क्रमांक तोच, १०९८.

आपल्याकडे शेजारधर्म हा मोठा धर्म मानला आहे. आजाऱ्याला पेज नेऊन द्यावी, परगांवीं गेलेल्याच्या दारावर नजर ठेवावी, हें आपण न सांगतां करतों. मुलाच्या बाबतींत मात्र तो धर्म दाराशीं येऊन थबकतो. पुढच्या खेपेस भिंतीपलीकडचें तें रडणें अकस्मात् थांबेल, तेव्हां 'आपल्याला काय करावयाचें आहे?' हा प्रश्न मनांत येईल, तर त्याचें उत्तर अगदीं लहान आहे. आपल्याला एक निरोप द्यावयाचा आहे. बाकीचें काम ज्यांचें आहे त्यांनीं तें नीट करावें, एवढा आग्रहही धरावयाचा आहे. तें मूल स्वतः हें करूं शकत नाहीं. त्याच्या वतीनें बोलावयास मोठें माणूसच लागतें, आणि त्या जिन्यांत त्या वेळीं कदाचित् आपणच एकटे असूं.